घाडीमामा आणि न हलवायच्या बाटल्या

घाडीमामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्या यंत्राला कान लावून बसले होते. थेट कान नव्हे. एका लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्यांनी मोटारीखाली टेकवलं होतं आणि त्याची लाकडी मूठ कानाशी दाबून धरली होती. डोळे मिटलेले. मी मागे येऊन उभी राहिले हे त्यांना कळलं असावं, कारण डोळे न उघडताच त्यांनी डाव्या हाताने मला थांबायची खूण केली. सकाळपासून माझी तिसरी बॅच फाटली होती, वर्कशॉपमधून मेकॅनिक मागवला होता, आणि आला तर हा माणूस समाधी लावून बसला होता. मी थांबले, पण धुमसत थांबले.

"बेरिंग रडता हा," मामा शेवटी म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचा औषद बिघडूक नाय, मॅडम. ह्या रडता, म्हणून ता फाटता." त्यांनी स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला. "तुम्हीच ऐका."

मी ऐकलं. आत एक सरळ घरघर होती आणि मधूनच बारीक किरकिर. ती किरकिर तीन आठवडे माझ्या उशाशी होती आणि मला ऐकू आली नव्हती. तीन आठवडे मी तेल बदलत होते, पाणी बदलत होते आणि घरी आईवर ओरडत होते.

अंधेरी पूर्वेला आमचं फार्मसी कॉलेज आणि शेजारचं इंजिनिअरिंग कॉलेज एकाच आवारात होतं, आणि दोघांत मिळून एक वर्कशॉप. दत्ताराम घाडी तिथले टेक्निशियन. सगळं आवार त्यांना मामा म्हणायचं, प्राचार्यसुद्धा. मी तेव्हा पीएचडी करत होते आणि माझा विषय सांगायला सोपा, करायला महाकठीण होता. लहान मुलांना तोंडावाटे द्यायचं एक औषध पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. मग ते तेलात विरघळवायचं आणि त्या तेलाचे इतके बारीक थेंब करून पाण्यात पसरवायचे की दिसायला दूध वाटावं. याला इमल्शन म्हणतात. अडचण अशी की काही दिवसांनी तेल वर येतं, सायीसारखा थर धरतं. म्हणून अशा बाटल्यांवर 'हलवून घ्या' असं छापतात. घाईत आई ते विसरते, बाळाला आज औषध कमी जातं आणि शेवटच्या चमच्यात भलतंच जास्त. मला अशी बाटली करायची होती की जिच्यावर हे दोन शब्द छापावेच लागू नयेत. चार वर्षं मी त्या दोन शब्दांच्या मागे होते.

थेंब बारीक करणारं जे यंत्र होतं त्याला मामा 'रवी' म्हणत. झिजलेल्या बेरिंगमुळे त्या रवीचा दांडा डगमगत होता आणि थेंब लहानमोठे पडत होते. मामांनी बेरिंग बदललं, आणि बदलताना त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. दांड्याच्या सीलमधून काळं ग्रीस खाली झिरपत होतं. ते बोटावर घेऊन त्यांनी माझ्यापुढे धरलं.

"ह्या पोरांच्या पोटात घालतलंस?" मॅडमची एका झटक्यात 'तू' झाली, ती कायमची. "थांब गो बाय. आपट्यांकडसून आणतंय."

आपटे सर मेकॅनिकलचे. वनस्पतींच्या तेलांपासून बेरिंगसाठी वंगण करता येईल का, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. एरंडेल, करंज, आणि मामांनी कोकणातल्या गावाहून डब्यात भरून आणलेलं उंडीच्या बियांचं तेल. मामा सरांच्या यंत्रावर ही तेलं घालून बेरिंगं तासन्‌तास फिरवत. त्यांनी तिथलं एरंडेलाचं वंगण आणून माझ्या रवीला भरलं आणि म्हणाले, "आता गळला तरी पोरग्याक फार तर जुलाब होतील." शास्त्र काही इतकं सरळ नसतं. माझ्या गाईड नाडकर्णी मॅडमनी हे ऐकून कपाळाला हात लावला आणि मुकाट्याने नवं सील मागवलं. पण रवी त्या दिवसापासून गप्प फिरायला लागली आणि माझ्या बॅचेस फाटायच्या थांबल्या, हे खरं.

मामांचं सगळं आयुष्य तेलात गेलं होतं. वडील परळच्या गिरणीत तेलखात्यात, आणि अठराव्या वर्षी मामाही तिथेच चिकटले. गिरणीत एकदा शिडीवरून पडले तेव्हा उजवा खांदा निखळला, तो नीट बसला नाही. उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. केस विंचरताना मामा हात वर नेण्याऐवजी डोकं खाली आणत. गिरणी बंद पडल्यावर दोन-चार कारखाने करून ते कॉलेजात आले आणि घाटकोपरला भटवाडीत घर करून राहिले. मेट्रो सुरू झाल्यापासून सकाळी साडेसातला वर्कशॉपचं कुलूप उघडलेलं असायचं.

तेलाची पारख ते अंगठ्याने करत. थेंबभर तेल अंगठा आणि तर्जनीत घ्यायचं, हळूहळू चोळायचं, मग बोटं अलग करून तार किती लांब जाते ते उजेडात बघायचं. "सरांचा मशीन संध्याकाळी सांगता, माझो अंगठो सकाळीच सांगता," असं ते आपट्यांच्या तोंडावर म्हणत. आणि बहुतेक वेळा बरोबर निघत. पण एकदा करंजाच्या तेलाला त्यांनी झकास ठरवलं आणि दुपारपर्यंत बेरिंग तापून निळं पडलं. आपटे सर हसून सोडून देणार होते. मामांनी सोडलं नाही. त्यांनी सरांची वही ओढून घेतली आणि म्हणाले, "अंगठो फसलो, ताय लिवा. आज लिवलास नाय तर उद्या आपणच आपल्याक फसवतलो." सरांनी लिहिलं. मला तेव्हा त्याची गंमत वाटली होती.

आता मुद्द्याचं सांगते. बॅचेस जमल्यावर माझी शेवटची परीक्षा होती ती काळाची. तीन बॅचच्या बाटल्या एका ठरावीक तापमानाच्या खोलीत सहा महिने नुसत्या उभ्या ठेवायच्या. हात लावायचा नाही. सहा महिन्यांनी त्यांच्यात साय धरली नसेल तर मी जिंकले. विद्यापीठाने दिलेली शेवटची मुदतवाढ मी वापरून बसले होते. सहा महिने संपल्यावर प्रबंध द्यायला हातात जेमतेम पाच आठवडे उरणार होते. म्हणजे हा प्रयोग पुन्हा करायची वेळ आली तर माझी नोंदणी रद्द, चार वर्षं पाण्यात.

बाटल्यांसाठी वर्कशॉपला लागून असलेली जुनी स्टोअररूम मिळाली, तिला एसी लावून घेतला. भिंतीला तीन फळ्या. खालच्या दोन फळ्यांवर मुख्य बाटल्या मांडल्या आणि नियमाप्रमाणे प्रत्येक बॅचच्या दोन-दोन राखीव बाटल्या, अशा सहा, सगळ्यात वरच्या फळीवर स्टूल घेऊन ठेवल्या. किल्ली मामांकडे. मी त्यांना म्हणाले, "मामा, माझा जीव आहे यात. नीट लक्ष ठेवा."

"काळजी करू नको," मामा म्हणाले.

सहा महिने झाले. खालच्या फळीवरची एक बाटली काढून उजेडात धरली, तर आत दूध. वरपासून खालपर्यंत एकसारखं, सायीचा मागमूस नाही. दुसरी तशीच, तिसरी तशीच. बोरिवलीला घरी आईने शिरा केला. विद्यापीठापुढे करायचं भाषण मी त्याच आठवड्यात वर्कशॉपमध्ये म्हणून पाहिलं. ऐकायला आपटे सर आणि मामा, मध्ये चहाचे ग्लास. मी ऐटीत म्हणाले, "सहा महिने या बाटल्यांना कुणीही हात लावलेला नाही, आणि तरीही साय धरलेली नाही."

मामांनी ग्लास खाली ठेवला. उठून बाहेर गेले. चहा तसाच राहिला. मला वाटलं, फोन आला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅबमध्ये शिरले तर ते माझ्या टेबलाशी उभे होते. टोपी हातात.

"बाय, मिया हात लावलंय."

"कशाला?"

"बाटल्यांक."

"कधी?"

"रोज. पयल्या दिवसापास्न. सकाळी इलंय की एकेक बाटली उलटी करतंय, सुलटी करतंय, परत ठेवतंय."

मला आधी ते काय म्हणतायत तेच कळेना. मग हळूहळू कळलं. गिरणीत त्यांचं पहिलं काम होतं तेलाची पिंपं लोळवायचं. तेल एका जागी उभं राहिलं की तळाशी गाळ धरतं, म्हणून रोज सकाळी कामाला लागायच्या आधी एकेक पिंप लोळवून घ्यायचं. "उभा ठेवलला तेल रुसता," हे त्यांचं लाडकं वाक्य मी शंभर वेळा ऐकलं होतं. मी म्हणाले होते जीव आहे, लक्ष ठेवा. मामांनी त्यांना येत होतं तसं लक्ष ठेवलं होतं. सहा महिने, रविवार सोडून, रोज. जी बाटली हलवावी लागू नये म्हणून मी चार वर्षं झिजले, ती त्यांनी माझ्यासाठी रोज हलवली होती.

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिणार नाही. "तुम्ही माझी पार वाट लावलीत मामा" हे त्यातलं सौम्य. अंगठ्याने तेल चोळणाऱ्यांनी शास्त्रात लुडबुड करू नये, असंही मी म्हणाले. बाहेर मुलं गोळा झाली. मामा खाली बघत ऐकत होते. मधेच एकदा इतकंच म्हणाले, "ताच सांगूक इलंय." मग टोपी घालून निघून गेले.

मी रडतच नाडकर्णी मॅडमकडे गेले. मॅडम फार बोलणाऱ्या नाहीत. सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "त्यांनी सांगितलं नसतं तर?"

"तर कळलंच नसतं."

"तुला डॉक्टरेट मिळाली असती."

"हो."

"आणि औषध बाळांना गेलं असतं." त्यांनी माझ्याकडे पाण्याचा ग्लास सरकवला. "तोंड धू आणि ये."

मामा त्या दिवशी दुपारीच रजा टाकून घरी गेले. दुसऱ्या दिवशीही आले नाहीत. मी स्टोअररूम रिकामी करायला घेतली. नुसतं बसून राहण्यापेक्षा ते बरं वाटलं. खालच्या दोन फळ्या आवरल्या, मग राखीव बाटल्या काढायला स्टूल ओढून वर चढले. पहिल्या बाटलीला हात घालणार तोच थांबले.

झाकणावर धूळ होती. मुंबईच्या त्या आवारात रस्त्याचं काम वर्षभर चाललं होतं, खिडकीच्या फटीतून येणारी पिठासारखी बारीक धूळ सहाही झाकणांवर सारखी बसली होती. बोटाचा ठसा नाही, पुसट रेघसुद्धा नाही. खाली उतरून आत्ताच डब्यात भरलेल्या बाटल्यांची झाकणं पाहिली. ती लख्ख होती, रोजच्या हाताने घासलेली.

मी तशीच मेट्रो पकडून घाटकोपरला गेले. मामांच्या घरी आधी कधी गेले नव्हते. दार मामींनी उघडलं. मामा खिडकीत बसून मिक्सरचं भांडं दुरुस्त करत होते. मी दारातूनच विचारलं, "मामा, वरच्या फळीवरच्या बाटल्या?"

"वरच्या नाय," ते म्हणाले.

"एकदाही नाही? नक्की?"

"उजवो हात वर जाता खय माझो? एका डाव्यान काचेची बाटली काढूची कशी?"

"स्टुलावर चढला असाल."

आता मामी मध्ये पडल्या. "चढतीत कशे? शिडयेवरसून पडले तेव्हापास्न मिया गळ्याची शपथ घातलंय. घरात बल्ब बदलूक पण शेजाऱ्याक बोलावतो आम्ही."

मामांनी मान हलवली. चेहरा ओशाळलेला होता. "माका लय वाईट वाटायचा," ते म्हणाले. "खालच्यांक रोज बघतंय, आणि वरच्या सहा बापड्यो तश्योच. तुका सांगूचा म्हणत होतंय, स्टूल घेवन तू तरी हलव म्हणून. बरा झाला विसारलंय."

मी दारातच मटकन खाली बसले आणि हसायला लागले. मामींना वाटलं मला भोवळ आली, त्यांनी घाईने कोकमाचं सरबत केलं.

त्या सहा बाटल्या नाडकर्णी मॅडमच्या समोर उतरवल्या. आधी धुळीसकट फोटो काढले. मग एकेक उघडून थेंबांचा आकार मोजला. मामा दाराबाहेर उभे होते, आत येईनात. पहिल्या दिवसाचे आकडे आणि आजचे आकडे मॅडमनी शेजारी ठेवले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "टिकलंय गं." तीन बॅच, सहा बाटल्या, एकीतही साय नाही. छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलावा तसं मला झालं. मामांनी दाराबाहेरूनच देवाला हात जोडले, डावा हात वर आणि उजवा जाईल तितका.

प्रबंधात सगळं लिहायचं हे मॅडमनी न विचारताच ठरवून टाकलं होतं. खालच्या फळ्यांवरच्या बाटल्या रोज उलटवल्या गेल्या, म्हणून निष्कर्ष फक्त वरच्या सहांवरून काढला आहे, असा एक परिच्छेद मी लिहिला. त्यात 'प्रयोगशाळेतील एका कर्मचाऱ्याकडून' असं घातलं होतं. मामांनी तो मला वाचून दाखवायला लावला.

"माझा नाव कित्याक नाय?"

"मामा, चूक म्हणून लिहिलंय ते. कशाला उगाच तुमचं नाव?"

"चूक माझी ना? मग नाव घाल. कर्मचारी म्हटलंस तर लोकांक वाटतला तो शिपाई रमेशच."

नाव घातलं. दत्ताराम विष्णू घाडी. माझ्या प्रबंधात आभाराच्या पानावर आणि चुकीच्या परिच्छेदात, दोन्हीकडे नाव असलेला तो एकमेव माणूस.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक कडक होते. त्यांनी सरळ त्याच परिच्छेदावर बोट ठेवलं. खालच्या बाटल्या हलवल्या गेल्या हे तुम्हीच कबूल करता, मग वरच्या हलवल्या गेल्या नाहीत हे कशावरून? मी धुळीचे फोटो दाखवले. ते म्हणाले, धूळ ठीक आहे, आणखी काय? मी मागच्या रांगेकडे पाहिलं. मग मी म्हणाले, "त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, सर. ते स्वतः मागे बसलेत."

मामा शेवटच्या रांगेत होते. कडक इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. परीक्षकांनी त्यांना पाहिलं आणि मराठीत म्हणाले, "घाडी, हात वर करा बघू."

मामा उभे राहिले. डावा हात सरळ छताकडे गेला. उजवा खांद्यापर्यंत आला आणि थांबला. मामांनी जोर लावला, चेहरा आक्रसला, हात तसूभर वर सरकेना. सगळा हॉल बघत होता.

"ह्येच्या वर नाय जात, साहेब," मामा म्हणाले. "गेलो असतो तर हिची वाट लागली असती."

परीक्षकसुद्धा हसले. पुढचा प्रश्न त्यांनी दुसऱ्या प्रकरणातला विचारला, आणि तासाभराने मी डॉक्टर झाले.

पुढे मामा निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात आपटे सरांनी त्यांना उंडीच्या तेलावर वर्षभर न कुरकुरता फिरलेलं एक बेरिंग पेढ्यांच्या खोक्यात घालून भेट दिलं. मामांनी ते स्टेजवरच कानाशी धरून फिरवलं. मीही त्यांच्याविषयी चार शब्द बोलले. धुळीची गोष्ट रंगवून सांगितली, लोक पोट धरून हसले. पण त्या सकाळी भरल्या लॅबमध्ये मी त्यांना जे बोलले होते, त्याची माफी मागायची राहूनच गेली. आधी धावपळ होती, नंतर आनंद होता, आणि मग इतके दिवस झाले की विषय काढायची लाज वाटायला लागली. आता मी त्याच कॉलेजात शिकवते. नव्या विद्यार्थ्यांना बाटल्या मांडण्याआधी लॅबमधल्या प्रत्येक माणसाला, झाडणाऱ्या बाईंनासुद्धा, आत काय आहे आणि का हलवायचं नाही हे बसवून सांगायला लावते. ते मात्र मी मामांना कधी सांगितलं नव्हतं.

परवा सकाळी त्यांचा फोन आला. आवाज खणखणीत, आणि रागावलेला.

"नातवाक खोकलो झालो हा. डॉक्टरान औषद दिल्यान. बाटलेर काय छापलला आसा म्हायती हा?"

"काय?"

"'हलवून घ्या'! मोठ्या अक्षरात! चष्मो लावन दोनदा वाचलंय. मग तेव्हा माका कित्याक झापलंस गो?"

ते चिडवत होते हे मला कळत होतं. पण एवढ्या वर्षांत तो प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला होता, आणि मला वाट करून द्यायलाच विचारला असावा.

"चुकलं माझं, मामा," मी म्हणाले. "तेव्हाच म्हणायला हवं होतं. तुम्हाला तसं बोलायला नको होतं."

पलीकडे मागे नातवाचा खोकला ऐकू आला.

"बरा," मामा म्हणाले. आवाज एकदम मऊ झाला होता. "मग ठेवतंय आता. पोराक औषद देऊचा आसा."

"हलवून द्या हं, मामा," मी म्हणाले.